मुलांना विचारू नका, मुलांना विचारू द्या

प्रश्न : १३ ते १७ वयाच्या मुलामुलींना आरोग्याबद्दल कोणती माहिती हवी आहे, हे जाणून घ्यायला आम्ही २५ प्रश्नांचा ऑनलाइन फॉर्म पाठवला. उत्तरं आली ती ‘संतुलित आहार’ आणि ‘व्यायाम’. कुठे चुकलं?

उत्तर : फॉर्म लांब आहेच, पण खरी अडचण दुसरी आहे. ‘कोणत्या विषयावर माहिती हवी?’ असं विचारलं की मुलं पेपर सोडवतात. शिक्षकांना आवडेल तेच लिहितात. त्यापेक्षा मेसेजसाठी एक फोन नंबर जाहीर करा, तीन-चार आठवडे चालू ठेवा आणि त्यांना प्रश्न विचारू द्या. ‘दोन महिने पाळी नाही, मला काही झालंय का?’ या एका ओळीतून भीती कळते, शब्द कळतो, आधीची माहिती किती तेही कळतं. ‘मासिक पाळी’समोरच्या बरोबरच्या खुणेतून यातलं काहीच कळत नाही.

मात्र प्रश्न मागितलात की उत्तर देणं आलं, तेही शक्यतो त्याच दिवशी आणि जाणकाराकडून तपासून. पहिला प्रश्न बहुतेकदा चाचपणीचा असतो : केस गळणं, पिंपल्स. उत्तर नीट मिळालं तरच मनातला प्रश्न येतो. चावट मेसेजही येतील. चिडू नका, तुम्ही रागावता का, हे त्यातून पाहिलं जातं.

एसएमएस वापरणार असाल तर उत्तर मोजून लिहा. देवनागरीत एका एसएमएसमध्ये ७० चिन्हं बसतात, जोडून पाठवलेल्यात प्रत्येकी ६७. काना, मात्रा, हलन्त सगळं वेगळं मोजलं जातं : ‘पाळी’ची ४, ‘स्त्री’ची ६. रोमन लिपीत १६० बसतात, पण उत्तर वाचायला त्रास होतो.

प्रश्न : बऱ्याच मुलींकडे स्वतःचा फोन नसतो. आईचा किंवा भावाचा वापरतात. मग काय करावं?

उत्तर : मेसेज भलत्याच हातात पडणार, हे धरूनच आखणी करा. स्क्रीन लॉक असतानाही मेसेजची पहिली ओळ दिसू शकते, म्हणून तिथे विषय नको. ‘उत्तर तयार आहे. वाचायचं असेल तेव्हा १ पाठवा’ एवढंच पुरे. वाचून झाल्यावर मेसेज पुसायची आठवण त्याच उत्तराच्या शेवटी द्या. आपणहून फोन करू नका. मिस्ड कॉलला उलट फोन केलात तर तो कोण उचलेल, सांगता येत नाही. रेकॉर्ड केलेली उत्तरं ऐकवणारी मोफत लाइन असेल तर मुलगी तिच्या सोयीने फोन करते, पण नंबर कॉल-यादीत राहतो, तो पुसायलाही सांगा. व्हॉट्सॲप ग्रुप तर नकोच, तिथे प्रत्येकाचा नंबर सगळ्यांना दिसतो.

प्रश्न : जमा झालेल्या प्रश्नांचं वर्गीकरण कसं करायचं?

उत्तर : आधी नंबर काढून सोडतीसारखा कोणताही कोड द्या. ठरावीक सूत्राने नंबरचा कोड बनवू नका. दहा आकडी नंबर फार तर १,००० कोटी, सूत्र माहीत झालं तर संगणक ते सगळे तपासून मूळ नंबर काढतो. कोड-नंबरची यादी वेगळी, कुलपात.

मग पहिले ५० प्रश्न कोणतेही गट न ठरवता वाचा. गट त्यातूनच निघू द्या. पुढचे १०० दोघांनी एकमेकांना न दाखवता त्या गटांत लावावेत. जिथे मतं फुटतात, तिथे गटाची व्याख्या ढिली आहे. शुद्धलेखन सुधारू नका. तोच शब्द देवनागरीत, रोमनमध्ये तीन तऱ्हांनी आणि सांकेतिक नावाने येतो. नुसता शब्द शोधलात तर बरेच प्रश्न हातचे जातील. मोजताना प्रश्न आणि मुलं वेगवेगळी मोजा, कारण एकच घाबरलेला मुलगा नऊदा विचारतो. आणि ‘इतके टक्के किशोरांना’ असं अहवालात लिहू नका; फोन हाती नसलेले यात आलेलेच नाहीत.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत. ‘जगावंसं वाटत नाही’ असा मेसेज रात्री ११ ला आला तर तो कोण वाचणार, कोणाला कळवणार, हे नंबर जाहीर करण्यापूर्वी नावानिशी लिहून ठेवा. कोड-नंबरची यादी उघडायची वेळ हीच. गुप्ततेला हा अपवाद आहे, हे मुलांना पहिल्याच मेसेजमध्ये सांगा.