नवीन सीएनसी घ्यायच्या आधी जुन्याची मिनिटं मोजा

तुमची पोस्ट वाचली. दोन ट्रॉब (कॅमवर चालणारे ऑटोमॅटिक लेथ), एक जुनं सीएनसी (प्रोग्रॅमवर चालणारं लेथ), पार्टी म्हणजे गिऱ्हाईक एकच, बुशचे (मधे भोक असलेल्या धातूच्या नळकांड्यांचे) 11 प्रकार, महिन्याला कुठला 300 तर कुठला 4000, डिलिव्हरी कायम लेट, आणि आता 18 लाखांचं नवीन सीएनसी लोनवर घेऊ का म्हणून विचारताय. सरळ सांगतो, आत्ता नको. भोसरीत 26 वर्षं शॉप चालवलंय आणि हीच चूक मी स्वतः केलीय म्हणून एवढं टाइप करतोय.

2011 ला आम्ही मशीन घेतलं, पूजा झाली, पेढे वाटले, पीस धडाधड पडायला लागले. महिनाअखेरीला डिस्पॅच बघतो तर आधी जेवढा होता जेमतेम तेवढाच. माल गेला कुठे? तर डीबरिंगच्या टेबलापाशी. तिथे दोन मावश्या कानस घेऊन बसायच्या, एकेक बुश उचलून भोकाच्या तोंडाची बर (कापताना राहिलेली धारदार कड) काढायच्या, आणि त्यांच्या मागे बिनवर बिन चढलेले, चालायला जागा नाही. त्यांचा हात दिवसाला जेवढा चालणार तेवढाच माल गेटबाहेर जाणार, पुढे मशीन कितीही पळवा. शेवटी पार्टिंग टूलची (पीस सळईपासून कापून वेगळा करणाऱ्या हत्याराची) धार बदलली, मागच्या बाजूचा चॅम्फर (कडेचा तिरका काप) प्रोग्रॅममध्येच घेतला, बर निम्म्यावर आली. खर्च एका टूलचा. हप्ते मात्र पाच वर्षं भरले. तर पहिलं काम, माल कुठे साचतोय ते बघा, तिथे सोडून दुसरीकडे पैसे लावले की फक्त ढीग वाढतो.

आता कुठला पीस कुठल्या मशीनवर. हे बरेच जण सवयीने ठरवतात, "हा जॉब पहिल्यापासून ट्रॉबवरच आहे" वगैरे. अहो गणित करा ना. समजा ट्रॉबला कॅम (हत्यार पुढे-मागे ढकलणारी चकती), कोलेट (सळई धरणारी पकड), गिअर बदलून सेटिंगला 5 तास आणि सायकल (एका पीसचा वेळ) 25 सेकंद, सीएनसीला सेटिंग दीड तास आणि सायकल 55 सेकंद. सेटिंगमधला फरक साडेतीन तास म्हणजे 12600 सेकंद, पीसमागे फरक 30 सेकंद, भागाकार 420. त्याच्या खालची लॉट (एका सेटिंगमध्ये काढायचे पीस) सीएनसीवर, वरची ट्रॉबवर. तुमचा 4000 वाला बुश सीएनसीवर टाकला तर 60 तासांच्या वर जातो, ट्रॉबवर सेटिंग धरून 33 मध्ये होतो, शिवाय एक माणूस बार (सळया) भरत तीन-चार ट्रॉब आरामात सांभाळतो ते वेगळंच. आणि 300 च्या लॉटसाठी कॅम बदलत बसणं म्हणजे चहाच्या कपासाठी बंब पेटवणं. आकडे तुमचे घाला, माझे घेऊ नका.

तुम्ही लिहिलंय की सेटिंगचा कंटाळा म्हणून तीन महिन्यांचा माल एकदम काढून ठेवता. मीपण ठेवायचो. मग पार्टीने ड्रॉइंगमध्ये एक चॅम्फर बदलला आणि 2600 पीस भंगारात, किलोवर विकले. त्यामुळे लॉट मोठी करण्यापेक्षा सेटिंग छोटं करा.

यातला बाप माणूस म्हणजे जपानचे इंजिनिअर शिगेओ शिंगो. 1950 मध्ये हिरोशिमाला, माझदाच्या गाड्या बनवणाऱ्या कारखान्यात ते प्रेसचा डाय (साचा) बदलताना बघत उभे होते, तर कामगार तासभर गायब, कारण एक बोल्ट सापडत नव्हता! तिथून त्यांनी कामाचे दोन भाग पाडले, मशीन थांबवूनच करावं लागतं ते आणि मशीन चालू असताना उरकता येतं ते. पुढे 1969 ला टोयोटात 1000 टनी प्रेसचं चार तासांचं सेटिंग आधी दीड तासावर आणलं आणि नंतर 3 मिनिटांवर. आपल्याला 3 मिनिटं नकोत, 40 मिनिटं झाली तरी खूप झालं.

आमच्याकडे काय केलं तर प्रत्येक बुशचा एक ट्रे, त्यात बोअर केलेले सॉफ्ट जॉ (पीस धरणारे जबडे), इन्सर्ट (टूलची बदलायची कापणारी टोकं), प्लग गेज (भोकाचं माप तपासायचं), प्रोग्रॅम नंबरची चिठ्ठी, ॲलन की सुद्धा. आधीचा जॉब चालू असतानाच पुढचा ट्रे मशीनपाशी येऊन बसतो. त्याआधी आमचा ऑपरेटर गेज शोधत अख्खं शॉप फिरायचा आणि मी समजायचो की पोरगा टंगळमंगळ करतोय, उगाच बोललोय त्याला. दुसरी गळती फर्स्ट पीसची (सेटिंगनंतरचा पहिला पीस तपासून घ्यायचा असतो), मशीन थांबलंय आणि पीस क्वालिटीवाल्याच्या टेबलावर अर्धा तास पडलाय. तो पीस आला की हातातलं सोडायचं असा नियमच केला.

महिनाभर वहीत मोजलं होतं, 480 मिनिटांच्या शिफ्टमध्ये सरासरी 265 मिनिटंच टूल कापत होतं. वरचे उद्योग केल्यावर 350 च्या आसपास गेलं, म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश जास्त माल, तेच मशीन, तीच माणसं. कामगारांना घाई करून हे होत नाही, त्याने फक्त रिजेक्शन वाढतं.

तर उद्यापासून मशीनला एक वही लटकवा, बंद झालं की वेळ आणि कारण, ऑपरेटरच्याच हाताने, आणि त्यात काही वाईट दिसलं तर त्याला ओरडू नका नाहीतर पुढच्या दिवसापासून वही एकदम छान दिसायला लागेल. आठवडा भरला की गुरुवारच्या सुट्टीला बेरीज करून आकडे इथे टाका, मशीन खरंच रोज सात-सात तास कापत असेल आणि तरी पुरत नसेल तर लोनचं मी स्वतः सांगेन. आणि हो, कॅमचं कपाट भंगारवाल्याला द्यायचं म्हणताय ते आधी थांबवा, तो 4000 वाला जॉब त्याच कपाटावर पैसे देतोय.