वाचकांचे प्रश्न: गोळी नातवाची, रात्रपाळीची आणि साठीनंतरची

एचआयव्हीच्या उपचारांबद्दल सोलापूर शहर आणि जिल्ह्यातून आलेल्या पत्रांपैकी तीन इथे घेतली आहेत. नावं-पत्ते अर्थातच काढले आहेत.

प्रश्न: मी विड्या वळते. नातू १४ वर्षांचा. आईबाप गेले, त्याला जन्मापासून एचआयव्ही आहे. ‘रक्त कमी आहे म्हणून गोळ्या’ असंच त्याला सांगत आलो. आता तो गोळी गालात धरतो आणि मोरीत थुंकतो. काय करू?

उत्तर: आजी, पोरगं हट्टी झालंय असं समजू नका. इतकी वर्षं रक्ताची गोळी खाऊनही ती थांबत नाही, दर वेळी सिव्हिलमध्ये त्याच खोलीत जावं लागतं आणि तिथल्या भिंतीवरचे फलक त्याला आता वाचता येतात. या वयापर्यंत बऱ्याच मुलांना अर्धंमुर्धं कळलेलं असतं. घरचे काहीतरी लपवतायत, हे तर नक्कीच कळलेलं असतं. तो राग गोळीवर निघतो.

मुलाला सहा ते बारा वर्षांच्या दरम्यान थोडंथोडं करून खरं सांगावं, असं या कामातले लोक मानतात. तुमच्याकडे उशीर झालाय, पण वेळ गेलेली नाही. आधी तुम्ही एकट्या एआरटी सेंटरच्या (एचआयव्हीची औषधं, म्हणजे एआरटी, जिथे मिळतात त्या केंद्राच्या) समुपदेशकांना भेटा आणि कोणी, कुठे, काय बोलायचं ते ठरवा. मग नातवाला विचारा, “तुला काय वाटतं, या गोळ्या कशाच्या?” त्याचं उत्तर येईल तिथून सुरुवात करायची. पहिल्या बैठकीत एवढंच सांगा: शरीराचं रक्षण करणाऱ्या पेशी असतात, एक विषाणू त्या कमी करतो, ही गोळी त्याला दाबून ठेवते. त्यानं विषाणूचं नाव विचारलं तर त्याच दिवशी सांगा, टाळू नका. आपल्याला हा कसा झाला, हे तो पुढे विचारेलच. गरोदरपणात, बाळंतपणात किंवा दुधातून तो येतो, यात आईचा दोष नाही, हे स्पष्ट बोला. शाळेला कळवण्याची सक्ती नाही आणि एचआयव्ही आहे म्हणून शाळा त्याला काढू शकत नाही. २०१७ च्या कायद्यानं ते बेकायदा आहे. नियमित गोळी घेतली तर शिकता येतं, कमावता येतं, लग्न करता येतं, मुलंही होतात, हे त्याला आवर्जून सांगा. ‘कशाला खायची, मरणारच आहे’ हे मनात धरून गोळी सोडणारी मुलं असतात, आणि त्यांच्याशी हे कुणी बोललेलंच नसतं.

गोळी थुंकल्याचं डॉक्टरांपासून लपवू नका. व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूचं प्रमाण, एका मिलिलिटरमागे १००० च्या वर आला, तर आधी तीन महिने दर महिन्याला समुपदेशन होतं, गोळ्या नीट पोटात गेल्यावर पुन्हा तपासणी होते आणि मगच औषध बदलायचं का ते ठरतं. थुंकल्याचं कळलं नाही, तर चांगलं चालणारं औषध उगाच बदललं जाईल. दर भेटीत वजनही करून घ्या, कारण मुलांचा डोस वजनावर ठरतो. ३० किलोच्या पुढे गेला असेल, तर दिवसाला मोठ्यांची एकच गोळी चालेल का, ते विचारा.

प्रश्न: यंत्रमागावर आहे. एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रात्रपाळी. रात्री झोपताना गोळी घ्यायची सवय आहे, पण रात्रपाळीत ती राहतेच. सेंटरला जायचं म्हणजे खाडा.

उत्तर: झोपतानाची सवय जुन्या गोळीची. तिच्यात एफाविरेन्झ होतं, त्यानं गरगरायचं. आता बहुतेकांना टेनोफोविर, लॅमिव्युडिन आणि डोलुटेग्राविर यांची एकत्र गोळी मिळते. ती कधीही, उपाशी किंवा जेवून चालते. तुमचीही तीच असेल, तर पाळी बदलण्याची संध्याकाळची वेळ धरा. त्या वेळी तुम्ही एक तर कामावरून सुटलेले असता, नाहीतर कामाला निघालेले, म्हणजे दोन्ही आठवड्यांत जागे. तास-दोन तास मागेपुढे झाल्यानं बिघडत नाही. विसरलात तर आठवेल तेव्हा घ्या. पुढच्या गोळीला चार तासांपेक्षा कमी उरले असतील, तर राहिलेली सोडून द्या. दोन एकदम नकोत. दारू प्यायलात तरी त्या दिवशीची गोळी सोडू नका. दारूमुळे गोळी टाळणं जास्त महागात पडतं.

खाड्याचं म्हणाल, तर व्हायरल लोड दबलेला आणि तब्येत स्थिर असेल, तर तीन महिन्यांची औषधं एकदम मिळू शकतात. तालुक्याच्या लिंक एआरटी सेंटरवर (मुख्य सेंटरला जोडलेल्या जवळच्या केंद्रावर) नाव लावता येतं का, तेही विचारा. कामासाठी परगावी जायचं असेल, तर निघण्याआधी सांगा आणि उपचारांच्या नोंदीचं हिरवं पुस्तक सोबत ठेवा. गोळ्यांची डबी खुळखुळते म्हणून बरेच जण ती खोलीवर नेत नाहीत. आत थोडा कापूस घाला, पण ओल शोषणारी पुडी काढू नका.

प्रश्न: वय ६३. बरीच वर्षं एआरटी चालू, रिपोर्ट चांगले. आता साखरेची आणि कॅल्शियमची गोळीही आहे. कंटाळा आलाय. एआरटी थांबवली तर?

उत्तर: थांबवू नका, ताई. रिपोर्ट चांगले आहेत ते गोळीमुळेच. विषाणू काही पेशींमध्ये सुप्त राहतो आणि औषध बंद झालं की बहुतेकांमध्ये काही आठवड्यांतच पुन्हा वाढतो. त्रास कमी करायचा तर वेळा जुळवा. डोलुटेग्राविर आणि कॅल्शियम किंवा लोहाची गोळी जेवणासोबत एकत्र चालते. उपाशीपोटी असेल, तर एआरटी त्या कॅल्शियम-लोहाच्या गोळीच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर. ॲसिडिटीच्या पातळ औषधाला मात्र जेवूनही हेच अंतर ठेवा. साखरेची गोळी मेटफॉर्मिन असेल, तर डोलुटेग्राविरसोबत ती दिवसाला १००० मिलिग्रॅमच्या वर नको, म्हणून साखरेच्या डॉक्टरांना एआरटीचं सांगायलाच हवं. टेनोफोविर चालू असेल, तर मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन तपासत राहा, आणि गुडघे दुखतात म्हणून दुकानातून वेदनाशामक गोळ्या परस्पर आणून खाऊ नका.