निश्चल बसलेला उंदीर

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या प्रबंधाचा आराखडा दोनदा वाचला. उंदरांना रिसर्पिन हे रक्तदाबावरचे जुने औषध टोचायचे, मग वनस्पतीचा अर्क द्यायचा आणि पाण्यात सोडल्यावर प्राणी किती सेकंद हालचाल न करता तरंगतो हे मोजायचे, अशी त्याची मांडणी आहे. काम होण्यासारखे आहे. पण ‘रिसर्पिनने नैराश्य निर्माण केले जाईल’ या वाक्यापाशी मी अडखळलो.

रिसर्पिन सर्पगंधेच्या मुळातले. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबावरील या मुळीच्या उपयोगाविषयी १९४९ मध्ये ब्रिटिश नियतकालिकात लिहिले आणि पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष तिकडे वळले. १९५२ मध्ये सिबा कंपनीच्या संशोधकांनी तिच्यातून रिसर्पिन वेगळे केले. चेतापेशींच्या टोकांशी असलेल्या सूक्ष्म पिशव्यांमध्ये सेरोटोनिन, नॉरअ‍ॅड्रेनालिन आणि डोपामिन हे रासायनिक संदेशवाहक भरणाऱ्या वाहकाला ते अडवते, त्यामुळे उघड्यावर पडलेले हे रेणू विकरांकडून नष्ट होतात आणि साठा रिकामा होतो. रक्तदाबासाठी ते घेणारे काही रुग्ण खिन्न होतात अशा नोंदीही येत होत्या. या दोन गोष्टी जोडून ‘या रेणूंच्या कमतरतेने नैराश्य येते’ असे जे गृहीतक उभे राहिले, त्याच्याच आधारावर तुझे प्रारूप, म्हणजे प्राण्यात घडवलेला आजाराचा नमुना, उभे आहे. मात्र १९५५ मध्येच डेव्हिस आणि शेफर्ड यांनी ‘लॅन्सेट’मध्ये चिंताग्रस्त व खिन्न रुग्णांना रिसर्पिनने बरे वाटल्याचे दाखवले होते. ही बाजू आपल्याकडच्या प्रबंधांत क्वचितच येते.

आता तुझा उंदीर. रिसर्पिननंतर त्याच्या पापण्या मिटू लागतात, अंग गार पडते, जुलाब होतात आणि तो कोपऱ्यात कुबड काढून बसतो. तो पाण्यात हातपाय मारत नाही ते हताशपणामुळे, की स्नायूंना हुकूमच पोहोचत नाही म्हणून? १९५७ मध्ये स्वीडिश शास्त्रज्ञ कार्लसन यांनी रिसर्पिनने अशाच निपचित पडलेल्या सशांना एल-डोपा (ज्यापासून शरीरात डोपामिन बनते ते द्रव्य) देऊन चालते केले आणि तो धागा पुढे पार्किन्सनच्या, म्हणजे कंपवाताच्या, उपचारापर्यंत गेला. तोच प्राणी एका प्रयोगशाळेत नैराश्याचा आणि शेजारच्या प्रयोगशाळेत कंपवाताचा नमुना ठरतो, हे तुझ्या परीक्षकांना ठाऊक असेल असे धरूनच लिही. माझ्या पहिल्या प्रयोगात निश्चलतेचे आकडे सुरेख आले होते. परीक्षकांनी पापण्यांविषयी विचारले, तेव्हा वहीत एक ओळही नव्हती.

म्हणून पोहण्याच्या चाचणीआधी प्रत्येक प्राण्याची ओपन फील्डमधील (मोकळ्या चौकटीतील) हालचाल, पापण्या आणि गुदद्वाराचे तापमान नोंदव, आणि नोंदी घेणाऱ्याला गट माहीत नसावेत. रिसर्पिनविना नुसता अर्क दिलेला गट हवाच, कारण अ‍ॅम्फेटामिनसारखे कोणतेही उत्तेजकसुद्धा निश्चलता कमी करते. तुलनेसाठी इमिप्रामीन हे नैराश्यावरचे जुने औषध ठेव. उतरलेले तापमान ते वर आणते, फ्लुओक्सेटीन हे नैराश्यावरचेच नंतरचे औषध मात्र सहसा आणत नाही. तेव्हा अर्काने तापमान वाढले नाही, एवढ्यावरून तो निरुपयोगी ठरवू नकोस.

शक्य असल्यास दुसरे प्रारूपही विचारात घे. एलपीएस (जिवाणूंच्या आवरणातला, शरीरात दाह उठवणारा पदार्थ) दिल्यावर पहिल्या काही तासांत प्राणी आजारी असतो, म्हणून हालत नाही. साधारण चोवीस तासांनी हालचाल पूर्ववत होते, तरी पोहण्याच्या चाचणीत तो लवकर हार मानतो. आजारपण आणि नैराश्यसदृश वर्तन यांची अशी फारकत मला रिसर्पिनमध्ये कधीच इतकी स्वच्छ दिसली नाही. शिवाय इंटरफेरॉन या प्रतिकारशक्ती चेतवणाऱ्या प्रथिनाचे उपचार घेणाऱ्या काही रुग्णांना येणारे नैराश्य या प्रारूपाच्या जवळचे आहे. तिसरा पर्याय कॉर्टिकोस्टेरॉन या ताणाच्या संप्रेरकाचा, पण त्याचे इंजेक्शन आठवडेच्या आठवडे द्यावे लागते. तुझ्या मुदतीत ते बसेल असे वाटत नाही.

प्राण्यांच्या नैतिक समितीपुढे जाण्याआधी गटातील संख्येचे गणित मला दाखव, आणि आराखड्यात जिथे जिथे ‘नैराश्य’ लिहिले आहेस, तिथे प्रत्यक्ष काय मोजणार आहेस ते लिहून नवा मसुदा पाठव.

तुझा,
सर