शिवणाचे सवाल-जवाब : चेन उघडली की वाढणारी पिशवी

सकाळी डब्यापुरती आणि संध्याकाळी भाजीसकट सगळं पोटात घेणारी, मध्ये घडीची पट्टी आणि तिच्यावर गोल फिरणारी चेन असलेली अस्तराची पिशवी घरी शिवताना अडलेल्या वाचकांचे हे प्रश्न. हिशेब सोपा जावा म्हणून सगळ्या उत्तरांत एकच पिशवी धरली आहे : रुंदी ४० सेंमी, खोली १४ सेंमी, उंची मिटलेली ३० आणि उघडलेली ३८ सेंमी.

प्रश्न (गिरगाव) : वाढ उंचीत द्यावी की खोलीत? आणि तुकड्यांची मापं कशी काढायची?

नुसतं गणित पाहिलं तर खोली जिंकते. मिटलेल्या पिशवीत १६.८ लिटर जागा आहे. आठ सेंमीची वाढ उंचीत दिली तर ४० × १४ × ८ म्हणजे जेमतेम साडेचार लिटर वाढतात, तीच खोलीत दिली तर ४० × ३० × ८ म्हणजे ९.६ लिटर. दुपटीहून जास्त. तरीही रोज लोकलने जाणाऱ्याने वाढ उंचीतच द्यावी असं आमचं मत आहे. २२ सेंमी खोल झालेली पिशवी गर्दीत अंगासरशी धरता येत नाही, खांद्यावर घेतली तर वजन बाहेरच्या बाजूला ओढतं. खाली वाढलेली पिशवी फक्त लांब होते, पुढे येत नाही.

आता मापं. घेर २ × (४० + १४) म्हणजे १०८ सेंमी. पुढचं आणि मागचं असे दोन भाग, म्हणून प्रत्येक तुकडा ५४ अधिक दोन्ही बाजूंना पाऊण-पाऊण सेंमी माया (शिवणीत जाणारी जास्तीची कड), एकूण ५५.५ सेंमी रुंद. उंचीकडे तीन प्रकारचे तुकडे लागतात, प्रत्येकाचे दोन नग : वरचं पान २४ सेंमी, घडीची पट्टी ११.५ सेंमी, खालचं पान १४.५ सेंमी. खालच्या पानातला निम्मा भाग तळात जातो, त्यामुळे चेन तळापासून सहा सेंमीवर बसते.

पट्टी आठ सेंमीची न घेता ११.५ ची का, हे बहुतेकांना कोडं पडतं. चेन मिटली तरी तिची स्वतःची रुंदी उरतेच. पाच नंबरच्या चेनची दोन्ही फितींसकट रुंदी साधारण ३.२ सेंमी भरते; दोन्ही कडांची पाऊण-पाऊण सेंमी शिलाईत गेली की १.७ सेंमी दिसत राहते. म्हणजे आठ सेंमी वाढ मिळायला तयार पट्टी ९.६ ते ९.७ सेंमी हवी. त्यात माया आणि मधल्या दुमडीची टीप (तिच्याबद्दल पुढे) मिळवली की ११.५ होतात. आपण आणलेली चेन आधी मोजा, मग पट्टी कापा.

आठाऐवजी पंधरा सेंमी वाढ हवी असेल तर? या खोलीत ती बसत नाही. मिटताना पुढची आणि मागची पट्टी आत दुमडते, प्रत्येकीची घडी पट्टीच्या निम्मी. दोन्ही घड्या मिळून पूर्ण पट्टीएवढी जागा आडवी खातात. त्यामुळे तयार पट्टी खोलीपेक्षा बरीच कमी हवी, नाहीतर दोन घड्या मध्ये एकमेकींवर आपटतात आणि पिशवीत हात खाली जातच नाही.

प्रश्न (विलेपार्ले) : कापड कोणतं आणि किती? कॅनव्हासने पट्टी फारच फुगते.

वरच्या आणि खालच्या पानाला मध्यम जाडीचं सुती कॅनव्हास किंवा मॅटी ठीक, पण पट्टी त्याच कापडाची करू नका. चार कोपऱ्यांवर पट्टी आत वळते तेव्हा जास्तीचं कापड गोळा होतं. कॅनव्हासचा तो गोळा जिरत नाही, बाहेरून चेनीवर दाब देतो आणि रनर (चेन उघडणारा-मिटणारा सरकता भाग) कोपऱ्यावर अडतो. पट्टीला छत्रीसारखं पातळ, घट्ट विणीचं नायलॉन घ्या. रंग वेगळा असला तर उलट छान दिसतो. पट्टीला फ्यूजिंग (इस्त्रीने चिकटणारं आधाराचं कापड), बक्रम, फोम काहीही लावायचं नाही. पानांना फ्यूजिंग लावाल तेही मायेच्या आत थांबवा, कारण चेनीच्या टिपेत आधीच तीन थर असतात.

११२ सेंमी पन्ह्याचं कापड असेल तर तुकडे आडवे टाका, म्हणजे ५५.५ सेंमीची बाजू कापडाच्या काठाला समांतर. पन्ह्यात चारही पानं मिळून ७७ सेंमी बसतात. काठाच्या दिशेचा धागा सगळ्यात कमी ताणतो आणि तोच चेनीच्या बाजूने येतो, हा मोठा फायदा. एकच अडचण : छापाला वर-खाली असेल तर फुलं आडवी झोपतील. अशा वेळी तुकडे उभे टाका, सगळे एकाखाली एक ठेवले तर ७७ सेंमी कापड लागेल.

बाहेरचं कापड पाऊण मीटर, अस्तर पाऊण मीटर, पट्टीसाठी नायलॉन पाव मीटर (११२ पन्हा असेल तर दोन्ही पट्ट्या एका शेजारी एक अगदी काठोकाठ निघतात, पन्हा कमी असेल तर एकीखाली एक), दीड इंची निवार दोन मीटर, चेन सव्वा मीटर. सुती कापड कापण्याआधी भिजवून, वाळवून, इस्त्री करून घ्या. शिवल्यावर आटलं तर चेन आटत नाही, आणि मग तिच्यावर कायमच्या चुण्या राहतात. मंगळदास मार्केटमध्ये अस्तर आणि मॅटी एकाच फेरीत होतं. चेन आणि रनर मात्र एकाच दुकानातून, एकमेकांत सरकवून पाहूनच घ्या. पाच नंबरच्या चेनीला पाच नंबरचाच रनर, आणि नायलॉनच्या गुंडाळी दातांचा रनर प्लॅस्टिकच्या सुट्या दातांना चालत नाही.

प्रश्न (डोंबिवली) : मीटरवर मिळणारी चेन गोल लावली. पण जिथून ती सुरू होते तिथे पट्टी उघडतच नाही, पिशवी एका बाजूला लंगडी वाढते. जोर केला तर रनर निघून हातात येतो.

या पिशवीतली ही सगळ्यात मोठी अडचण, आणि तुमचं शिवणकाम चुकलेलं नाही. साध्या चेनीच्या एका टोकाला दोन्ही फिती कायम जोडलेल्या राहतात. रनर तिथेच उभा असतो. ते टोक बाजूच्या शिवणीत पकडलं की तिथे दोन फिती वेगळ्या व्हायला जागाच नाही. मग त्या कोपऱ्यात पट्टी आत अडकून राहते. जॅकेटला लावतात तशी पूर्ण सुटणारी चेन हा एक उपाय, पण ११० सेंमीची तयार मिळणं कठीण. त्यापेक्षा चेनीला शेपटी ठेवा.

चेन १२० सेंमी कापा : १०८ घेराचे, पुढे आठ-दहा सेंमी शेपटी, बाकी मायेला. चेन मिटलेली असतानाच, शेपटी सोडून, दर २७ सेंमीवर दोन्ही फितींवर खडूने एकाच रेषेत खूण करा. या खुणा केल्याशिवाय फिती वेगळ्या करू नका. एकदा सुटल्यावर कुठला दात कुणाचा हे कळायला मार्ग नाही, आणि अर्धा सेंमी जरी फरक पडला तरी मिटल्यावर वरची आणि खालची बाजूची शिवण एका रेषेत येत नाही.

वरची दोन पानं फक्त एका बाजूने जोडा, म्हणजे लांब पट्टा तयार होईल. तसंच पट्टीचं आणि खालच्या पानांचं. निवारीचे बंद याच वेळी, पानं सपाट असतानाच लावून टाका. पट्टी सुलट बाजू आत घेऊन लांबीत बरोबर मध्ये दुमडा, घडी नखाने दाबा, घडीच्या कडेपासून दोन मिमीवर टीप घाला. ही बारीक टीप पट्टीला प्रत्येक वेळी आतच वळायला लावते. ती नसेल तर पट्टी कधी आत, कधी बाहेर फुगते आणि रनर तिचा घास घेतो. ‘चेनीत पट्टी अडकते’ अशी तक्रार आणखी तिघांनी केली आहे, त्यांनाही हेच उत्तर.

आता पान सुलट बाजू वर, त्यावर एक फीत तोंड खाली, त्यावर पट्टी सुलट बाजू खाली. तिन्हींच्या कडा जुळवून, चारही खुणा जुळवून, सिंगल फूट (चेन लावण्याचा मशीनचा अरुंद पाय) लावून पाऊण सेंमीवर टीप. पायपिंग दोन कापडांत दाबतो तसंच. पट्टीच्या दुसऱ्या कडेला दुसरी फीत आणि खालचं पान याच रीतीने. दोन्ही टिपा एकाच दिशेने घाला, एक डावीकडून आणि एक उजवीकडून नको. मशीनचे दात खालचं कापड किंचित पुढे ओढतात, दिशा उलटली की दोन फिती विरुद्ध बाजूंना सरकतात. मग पान सरळ करून कडेपासून तीन मिमीवर दाबटीप, फक्त पान आणि माया धरून.

शेपटीच्या टोकाला मात्र फीत शेवटपर्यंत टिपेत धरायची नाही. कापडाची कड दोन-तीन सेंमी उरली की फितीची कड हळूहळू मायेतून तिरकी बाहेर काढा. तिथून पुढे फक्त पान आणि पट्टी शिवली जाते. दुसऱ्या टोकाला फिती कडेपर्यंत शिवा, मायेत येणारे दात काढून टाका. आता चेन पूर्ण उघडी ठेवून उरलेली बाजूची शिवण घाला. शेपटी आत वळवून बाजूला धरा, सुईखाली येऊ देऊ नका.

रनर ओवताना त्याची दोन तोंडांची बाजू पिशवीकडे, एका तोंडाची शेपटीच्या टोकाकडे. ओवल्यावर शेपटीच्या टोकाला कापडाचा छोटा तुकडा दुमडून शिवा, म्हणजे रनर निसटणार नाही. मिटण्याच्या टोकाला प्रत्येक फितीच्या शेवटच्या दाताभोवती हाताने पाच-सहा टाके घ्या. दोन्ही फिती एकत्र शिवू नका, नाहीतर सुरुवातीची अडचण दुसऱ्या टोकाला तयार होईल. पिशवी उघडली की रनर शेपटीवर जाऊन बसतो आणि फिती पूर्ण फाकतात. मिटल्यावर शेपटी लोंबत राहते, तिला एक टिचबटण पुरे.

प्रश्न (लालबाग) : महिनाभरात अस्तर वरच्या शिवणीतून उसवलं. दुहेरी टीप घातली तरी पुन्हा तेच.

दुहेरी टिपेचा दोष नाही, अस्तर तोकडं आहे. बहुधा मिटलेल्या ३० सेंमी उंचीवर कापलं असावं. चेन उघडली की बाहेरची पिशवी ३८ होते, अस्तर मात्र ३० वरच लटकतं आणि कांदे-बटाट्यांचं सगळं वजन त्या एका शिवणीवर येतं. खूण सोपी : पिशवी भरल्यावरही पट्टी पूर्ण ताणली जात नसेल तर वजन अस्तर वाहतंय.

अस्तर उघडलेल्या उंचीवर कापायचं. ३८, अधिक निम्मा तळ सात, अधिक वर-खाली माया, म्हणजे साडेशेहेचाळीस; किंचित सैल धरून ५५.५ × ४७ सेंमीचे दोन तुकडे. रुंदीत थोडं आवळलेलं चालतं, म्हणून बाजूची टीप पाऊणऐवजी एक सेंमीवर घाला. उंचीत आवळायचं नाही. तळाला मध्ये १८ सेंमी जागा उलटवण्यासाठी सोडा. कोपरे चिमटून, शिवण मध्ये धरून, जिथे रुंदी १४ भरते तिथे आडवी टीप, बाहेरच्या पिशवीला आणि अस्तरालाही.

पिशवी मिटलेली असताना आठ सेंमी अस्तर जास्तीचं राहणारच. ते डब्याबरोबर बाहेर येऊ नये म्हणून उलटवण्याआधी अस्तराच्या तळकोपऱ्यांची माया बाहेरच्या तळकोपऱ्यांच्या मायेला चार-चार टाक्यांनी अडकवा. किल्ल्या आणि पासाचा खिसा अस्तरात वरून बारा सेंमीच्या आत ठेवा. त्याखाली लावला तर मिटल्यावर तो चुण्यांत बुडतो.

बंदांबद्दलही एक : प्रत्येक ९५ सेंमीचा, दोन्ही टोकं वरच्या पानावर १८-१८ सेंमी शिवलेली, शेवटी चौकोन आणि त्यात फुली. निवार चेनीवरून खाली तळापर्यंत नेण्याचा मोह होतो. नेली तर पिशवी वाढणार नाही.

प्रश्न (चेंबूर) : तीन नंबरची नाजूक चेन चालेल का?

दिसायला छान, पण नको. मिटलेल्या पिशवीत तळाचं सगळं वजन दातांवर आडवं लटकतं. तीन नंबरची चेन आधी कोपऱ्यावर फाकते. पाच नंबर किमान. सुई १६ नंबरची, बंदांच्या चौकोनाला १८. टाका तीन मिमीचा.

प्रश्न (भांडुप) : पावसाळ्यासाठी आतून रेग्झिन लावलं तर?

दमट हवेत त्याचा लेप चिकट होतो आणि पुढे पापुद्रे सुटतात. शिवाय दुमडीवर आधी तडकतं, आणि ही पिशवी रोज दुमडणार. अस्तरही पातळ नायलॉनचंच घ्या. धुताना चेन उघडून, अस्तर बाहेर ओढून, तळ वर करून वाळत घाला. नायलॉनचे दात गंजत नाहीत, रनर गंजतो. तो जड चालू लागला की दातांवर मेणबत्ती घासा.

प्रश्न (ठाणे) : चेन लावणं जमत नाही. दुसरा मार्ग?

मग उंची ३८ च ठेवा आणि खोली बदला. काठाखाली अडीच सेंमीवर, दोन्ही बाजूंच्या शिवणीपासून पुढे-मागे साडेपाच सेंमीवर टिचबटणाची जोडी लावा, प्रत्येक बाजूला एक. बटण लावलं की बाजू आत दुमडते आणि तोंड अरुंद होतं, काढलं की पुन्हा १४ सेंमी. बटणामागे कॅनव्हासचा दोन थरांचा तुकडा द्या आणि बटण अस्तर जोडण्याआधी बसवा. नुसत्या कापडावर लावलेलं बटण कापडाला भोक पाडून निघतं.