पहाटे फ्रिज बंद पडतो, तो जास्त वापरामुळे नव्हे

तुमची पोस्ट वाचली. भाड्याची कॅम्परव्हॅन, उष्ण कटिबंधातला किनारा, दिवसभर सर्फिंग, आणि पहाटे ३ च्या सुमारास फ्रिजचा लाल दिवा लुकलुकायला लागतो. भाड्याने देणारे म्हणतात, तुम्ही वीज जास्त वापरता, रोज अर्धा तास इंजिन चालू ठेवा. हे उत्तर पाठ असल्यासारखं ओळखीचं आहे. एका कंपनीच्या मदत केंद्राने आम्हालाही हेच ऐकवलं आणि शेवटी मेलेल्या बॅटरीचे पैसे आमच्याच अनामत रकमेतून कापले. नाव घेत नाही. बोर्ड कुठला न्यायचा, लाटांचा अंदाज कुठे बघायचा हे तुम्हाला ठाऊक असणारच, त्यामुळे थेट विजेवर येतो.

आधी हिशोब. कंप्रेसरचा फ्रिज चालू असताना साधारण ४ ते ५ अँपिअर ओढतो. थंड हवेत तो तासातली वीसेक मिनिटं चालतो. बाहेर ३३-३५ अंश, व्हॅन दिवसभर उन्हात, वर कोमट पाण्याच्या बाटल्या कोंबलेल्या, अशा वेळी तो निम्म्याहून जास्त वेळ चालतो. म्हणजे २४ तासांत ५०-६० अँपिअर-तास (अँपिअर गुणिले तास, बॅटरीतला साठा यातच मोजतात). रात्रभर पंखा लावला की आणखी १०-१५. दिवे, फोन किरकोळ. बॅटरीवर १०० अँपिअर-तास छापलेलं असतं, पण ती एजीएम, म्हणजे शिसे-आम्लाचीच असेल तर रोज त्यातले निम्मेच वापरायचे असतात. तेव्हा काटकसर करूनही ती जेमतेम एक दिवस पुरते, तीही पूर्ण भरलेली असेल तर.

आणि ती पूर्ण भरलेली नसतेच. अर्धा तास इंजिन चालवून २० अँपिअरने भरलं तरी आले १० अँपिअर-तास. गेले होते ६०. उभ्या गाडीत इंजिन मंद फिरतं, त्यामुळे आल्टर्नेटर, म्हणजे इंजिनवर फिरून वीज बनवणारं यंत्र, पूर्ण ताकद देत नाही. हल्लीच्या बऱ्याच गाड्यांत स्मार्ट आल्टर्नेटर असतो. इंजिन सुरू करणारी पुढची बॅटरी भरली की इंधन वाचवायला तो व्होल्टेज खाली आणतो आणि साध्या रिलेने (विजेने चालणाऱ्या स्विचने) जोडलेली, फ्रिज-दिव्यांची मागची बॅटरी उपाशी राहते. याला खरा इलाज डीसी-टू-डीसी चार्जर, तो मागच्या बॅटरीला लागेल तेवढं व्होल्टेज स्वतः करून देतो. त्यात भर म्हणजे शिसे-आम्लाची बॅटरी ८० टक्क्यांपर्यंत भराभर चढते, वरचे २० टक्के मात्र कित्येक तास खातात. रोज अर्धवट भरत राहिलं की प्लेटांवर सल्फेट कडक होतं आणि क्षमता कायमची जाते. म्हणजे 'अर्धा तास इंजिन' हा सल्ला निरुपयोगी तर आहेच, तो बॅटरी मारतोही. मग बिल कोणाच्या नावावर फाडतात ते वर लिहिलंच आहे.

पण माझ्या मते तुमचा मुख्य गुन्हेगार बॅटरी नसावीच. तार बघा. फ्रिज व्होल्टेज मोजतो ते स्वतःच्या प्लगपाशी. भाड्याच्या व्हॅनमध्ये मागच्या सॉकेटपर्यंत बहुधा दीड किंवा अडीच चौरस मिलिमीटरची तार ओढलेली असते. अंतर ५ मीटर धरलं तर जाऊन-येऊन १० मीटर. ५ अँपिअरवर दीडच्या तारेत ०.६ व्होल्ट गळतात, अडीचच्या तारेत ०.३७, आणि ६ च्या तारेत फक्त ०.१५. कंप्रेसर सुरू होताना तो क्षणभर जास्त ओढतो तेव्हा गळती आणखी. बॅटरी १२.१ वर असते, फ्रिजला ११.३ दिसतात, आणि तो स्वतःला बंद करून घेतो. बोरूच्या नळीने बंब भरण्यातला प्रकार.

साधा मल्टीमीटर घ्या. फ्रिजचा कंप्रेसर घुरघुरत असताना आधी बॅटरीच्या दोन टर्मिनलांवर मोजा, मग लगेच सॉकेटच्या मागच्या जोडावर. फरक ०.३ च्या आत असेल तर तार ठीक. ०.५ च्या वर गेला तर दोष तिथेच. मग सॉकेट हाताने चाचपा. गरम लागत असेल, किंवा फ्यूजच्या आणि लगच्या (तारेच्या टोकाला दाबलेल्या धातूच्या कडीच्या) टोकांवर हिरवट पूड साचली असेल, तर खाऱ्या हवेने जोड खाल्लाय. सिगारेट लायटरचं सॉकेट मुळात अशा सततच्या भारासाठी नसतंच; मधली स्प्रिंग गंजली की संपलं.

फुकटातला उपाय आधी करा. बहुतेक कंप्रेसर फ्रिजना बॅटरी संरक्षणाच्या तीन पायऱ्या असतात, किती व्होल्टेजला बंद व्हायचं ते त्या ठरवतात. सर्वांत वरच्या पायरीवर असेल तर मधल्यावर आणा. एवढ्यानेच पहाटेचा लाल दिवा थांबू शकतो. सर्वांत खालची पायरी टाळा, ती बॅटरी पार कोरडी करते. (मी इलेक्ट्रिशियन नाही, आणि गाडी भाड्याची आहे: तार कापू नका, लग सोडवू नका, मोजून फोटो काढा आणि त्यांच्याकडूनच करून घ्या. लिथियम बॅटरी असेल तर व्होल्टेजवरून ती किती भरली आहे ते नीट कळत नाही, तिथे शंट (आत-बाहेर जाणारा प्रवाह मोजणारा तुकडा) लावलेला मीटरच हवा; तारेतल्या गळतीचे आकडे मात्र तेच.)

दिवसाची आखणीही विजेला धरून करता येते. वारा बहुधा सकाळी जमिनीकडून असतो, ९-१० नंतर समुद्राकडून सुटतो आणि लाटा विस्कटतात. पुढच्या किनाऱ्यापर्यंतचे दोन तास तेव्हा चालवा. दर तिसऱ्या रात्री प्लग मिळेल अशा जागी मुक्काम करा आणि रात्रभर, ८-१० तास, चार्जिंगला लावा. छतावरचं सोलर पॅनल मला इथे फारसं पटत नाही. पॅनल उन्हात हवं म्हणून व्हॅन उन्हात, मग फ्रिज जास्त राबतो. घडीचं पॅनल बाहेर उन्हात, व्हॅन सावलीत, हे बरं. सावली नारळाची मात्र नको, वरून नारळ पडला की काच आणि डोकं दोन्ही जातात.

विषय निघालाच आहे तर बोर्डाचंही सांगतो. बंद व्हॅनमध्ये बोर्ड ठेवून दुपारी जेवायला जाऊ नका. आत साठलेल्या उष्णतेने फोमला हवेचे फुगे येतात आणि वरचं आवरण सुटतं, विशेषतः ईपीएस (थर्मोकोलसारख्या) फोमच्या इपॉक्सी बोर्डांचं. चांदीसारखी चकाकणारी पिशवी घ्या, काळी नको. दुरुस्तीच्या पेटीत पॉलिएस्टर रेझिन असेल तर ते ईपीएसवर लावू नका, फोम विरघळतो. त्याला इपॉक्सीच लागतं. आणि भेगेत पाणी गेलं असेल तर बोर्ड भेग खाली करून आधी नीट सुकवा. ओल्यावर रेझिन मारलं की पाणी आत कोंडतं. छतावरच्या पट्ट्याला एक पीळ द्या, वाऱ्याची भणभण थांबते.

मदत केंद्राला फोन करू नका, लिहा. दोन्ही ठिकाणचे आकडे, तारीख-वेळ, मल्टीमीटरचा फोटो, आणि एकच प्रश्न: मागची बॅटरी किती जुनी आहे आणि ती रिलेवर आहे की डीसी-टू-डीसी चार्जरवर? गाडी परत द्यायच्या आधी हे त्यांच्या मेलबॉक्समध्ये पडलेलं असलं पाहिजे. परत दिल्यावर पाठवलेल्या फोटोंना ते काडीची किंमत देत नाहीत.