अहवालातला रिकामा रकाना

इंदूरच्या एका ताईंचा प्रश्न: यजमानांना फुप्फुसाचा कॅन्सर. 12 मार्च 2024 च्या अहवालात ‘ईजीएफआर म्यूटेशन (ट्यूमरच्या ईजीएफआर जनुकातला बदल) आढळले नाही’, म्हणून केमो सुरू झाली. ऑगस्टमध्ये त्याच ब्लॉकची, म्हणजे मेणात बसवलेल्या ट्यूमरच्या तुकड्याची, मुंबईत तपासणी केली, तर एक्सॉन 19 डिलीशन निघाले; ईजीएफआरमधलाच हा बदल, ज्यावर केमोऐवजी गोळी देतात. पहिली लॅब अहवालातल्या तळटीपेकडे बोट दाखवते: ‘5 टक्क्यांहून कमी म्यूटेशन पकडले जाईलच असे नाही.’ भरपाई मिळेल का? थोड्याफार फरकाने असेच प्रश्न हल्ली बरेच येतात.

ताई, ती तळटीप लॅबला तारते की बुडवते, हे एका आकड्यावर ठरेल: तपासलेल्या कापात ट्यूमरच्या पेशी किती टक्के होत्या? ढोबळ हिशेब असा. पेशीत जनुकाच्या दोन प्रती, त्यातली बहुधा एकच बदललेली. शंभरात 10 पेशी ट्यूमरच्या असतील तर म्यूटेशन भरेल 5 टक्के, म्हणजे अगदी उंबरठ्यावर. मग ‘आढळले नाही’ असे छातीठोक लिहिण्याऐवजी ‘नमुना अपुरा’ लिहून दुसरा मागवायला हवा होता. 40 पेशी असतील तर 20 टक्के भरेल, आणि तेवढे निसटले तर तळटीप कामाची नाही. तुम्ही पाठवलेल्या प्रतीत हा रकाना कोराच आहे. तक्रारीचा पाया तोच.

म्हणून लॅबकडे लेखी मागा: पॅथॉलॉजिस्टने स्लाइड पाहून केलेली नोंद, डीएनए किती निघाला, आणि त्या दिवशीच्या बॅचमधल्या कंट्रोल नमुन्यांचे (उत्तर आधीच माहीत असलेल्या, पडताळणीच्या नमुन्यांचे) निकाल. दिले नाहीत तर तक्रार केल्यावर ग्राहक आयोग ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम 38(9) खाली ते हजर करायला लावू शकतो. अहवालावरच्या एनएबीएलच्या (लॅबना मान्यता देणाऱ्या संस्थेच्या) शिक्क्यावर जाऊ नका. मान्यता चाचणीगणिक असते. ही चाचणी त्या तारखेला यादीत होती का, ते पाहा.

ब्लॉक घरी कपाटात पडून आहे, हे वाचून कपाळावर हात मारला. इंदूरच्या मे महिन्यात! थंड, कोरड्या जागी हलवा, ब्लॉकच्या प्लॅस्टिकच्या चौकटीवरच्या (कॅसेटवरच्या) नंबराचा फोटो काढा, आणि खात्रीसाठी म्हणून तिसऱ्या लॅबला मुळीच देऊ नका. सुईने काढलेला तुकडा तो केवढा. चार-पाच मायक्रॉनचे काप काढता काढता संपतो, आणि मग आयोगाला फेरतपासणीला पाठवायला उरते नुसते मेण.

दीड वर्ष ईमेल करण्यात घालवलेत. ईमेलने काय, वकिलाच्या नोटिशीनेही मुदत थांबत नाही. ग्राहक संरक्षण कायदा 2019, कलम 69: दोन वर्षे. ती ऑगस्टपासून मोजावीत असा युक्तिवाद करता येईल, पण त्याच्या भरवशावर राहू नका. 12 मार्च 2026 च्या आत ई-जागृती या ग्राहक आयोगांच्या पोर्टलवर तक्रार दाखल झालीच पाहिजे. पावतीवर ‘न्यायक्षेत्र गुरुग्राम’ छापले असले तरी कलम 34 प्रमाणे तुम्ही राहता त्या इंदूरच्या जिल्हा आयोगात ती चालते. तक्रारीची फी सेवेसाठी भरलेल्या रकमेवर ठरते; चाचणीचे 22,000 रुपयेच भरलेत, त्यामुळे ती शून्य.

पाच महिने गोळी उशिरा सुरू झाल्याने नेमके किती नुकसान झाले, यावर मात्र ऑन्कोलॉजिस्टचे लेखी मत लागेल. रकमेबद्दल आत्ता काही बोलत नाही. निकालाला कायदा तीन महिने देतो, तपासणी लागली तर पाच. वाचून हसू आले तर येऊ द्या, पण कागद या आठवड्यातच मागा.