छातीत गाठ लागते पण दुखत नाही, तर डॉक्टरांना दाखवावं का?

तुम्ही लिहिलंय, बाळाचं दूध सोडून वर्ष झालं, डाव्या छातीत वाटाण्याएवढी गाठ हाताला लागते, दुखत नाही, आणि सासूबाई म्हणतात साचलेलं दूध असेल, राहू दे. ताई, राहू देऊ नका. ‘दुखत नाही ना?’ हा प्रश्न ऐकला की माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

माझ्या मोठ्या जाऊबाई तेव्हा ४६ वर्षांच्या. मे महिना, घरात लग्न, नागपुरात नंदनवन भागातल्या घराच्या त्या तापलेल्या खोलीत आम्ही दोघी तयार होत होतो. ब्लाउज घालायला त्यांनी हात वर केला आणि उजव्या छातीवर, बोंडाच्या जरा वर, खळी पडली. हात खाली केला, खळी गेली. मी पुन्हा वर करायला लावला, पुन्हा पडली. त्या म्हणाल्या, ब्रेसियरचा वळ असेल. वळ असा येत-जात नाही, हे मला त्या गडबडीत सुचलं नाही.

लग्न आटोपल्यावर मी विषय काढला तर भासरे, म्हणजे जाऊबाईंचे यजमान, म्हणाले, ‘दुखून राहिलं का? नाही ना? मग कायले सुया टोचून घेता?’ कुणाकडून तरी लेप आणला. पाच महिने लेप. दिवाळीच्या चकल्या करताना सोऱ्या दाबता दाबता त्या थांबल्या आणि म्हणाल्या, काखेत काही अडतंय गं. हात लावून पाहिला तर सुपारीएवढी कडक गाठ.

मग बायोप्सी, म्हणजे सुईनं गाठीचा कण काढून तपासणं, झाली आणि स्तनाचा कॅन्सर निघाला. केमो, ऑपरेशन, शेक (रेडिएशन), सगळं झालं. जाऊबाई आज आमच्यात आहेत. काखेतल्या गाठीही काढाव्या लागल्या, त्यामुळे उजवा हात सुजतो. लग्नातली पाटली त्या हातात चढत नाही, ती त्यांनी सुनेला देऊन टाकली.

आणि भासरे अजून चारचौघांत सांगतात, सुई लावली अन् पसरलं. काखेतली गाठ दिवाळीत सापडली, सुई त्यानंतर लागली. आधी आलेलं नंतरच्या सुईनं कसं पसरेल? बायोप्सीनं कॅन्सर पसरत नाही. लेपात गेलेले महिने मात्र परत मिळत नाहीत.

फक्त गाठच बघू नका. बोंड नव्यानं आत ओढलं गेलं, दाबल्याशिवाय एकाच बाजूनं रक्तासारखं पाणी आलं, बोंडावरची खाज-खपली मलमानं हटेना, कातडी संत्र्याच्या सालीसारखी जाड आणि खड्ड्याखड्ड्यांची झाली, तर गाठ नसली तरी दाखवायचं. लाल, गरम सूज अँटिबायोटिकनं उतरली नाही तरीही.

‘डॉक्टर हातानं चाचपून काय सांगणार’ असंही घरी ऐकलं असेल. मुंबईत टाटा हॉस्पिटलनं १९९८ पासून वीस वर्षं अभ्यास केला. शिकवून तयार केलेल्या बायका दर दोन वर्षांनी हातानंच तपासत. २०२१ साली निकाल छापून आला: पन्नाशीच्या पुढच्या बायकांमध्ये या कॅन्सरचे मृत्यू जवळपास ३० टक्के कमी. तुम्हाला तर आधीच गाठ लागली आहे, त्यामुळे चाचपण्यावर थांबू नका, सोनोग्राफी लिहून घ्या. चाळिशीच्या आत आधी बहुतेक तीच करतात, गरज वाटली तर मॅमोग्राफी (स्तनांचा एक्स-रे) आणि बायोप्सी.

घाबरवायला लिहीत नाही. तरुण वयातल्या बहुतेक गाठी साध्याच निघतात, आणि दूध साचून गाठ होते हेही खोटं नाही. पण ती कोणती, हे सासूबाईंच्या अंदाजानं ठरत नाही. पाळीआधी दोन्हीकडे जड वाटून दुखत असेल तर पाळी होईपर्यंत थांबलं तर चालतं. तुमचं तसं नाही.

नागपुरात मेडिकलच्या, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या, सर्जरी ओपीडीत दाखवा, नाहीतर मानेवाडा रोडच्या तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटलला जा. घरी आत्ताच वाद नको असेल तर काही सांगू नका, रिपोर्ट हातात आल्यावर सांगता येतं.